दा नांगला न जाण्याचं कारण

जयराज — सही केलीस का न्हाईस, तेवढंच सांग. चार वाजता औषध-कंपनीचा सूरजसाहेब सहलीचा कागद न्यायला येनार हाय.

क्रांती — केली. वजनकाट्याखाली ठेवलाय फॉर्म. पंख्यानं उडत होता.

जयराज — मग झालं तर. बघू... "परवानाधारक सौ. क्रांती जयराज सूर्यवंशी ह्या खालील कारणामुळे दा नांग, व्हिएतनाम येथील सहलीस येऊ शकत नाहीत. तरी त्यांच्याऐवजी त्यांचे पती..." आगं, कारन कुटं हाय? हितं नुसती टिंबं.

क्रांती — टिंबं तुमच्यासाठी ठेवलीत. सही माझी, आजार तुम्ही भरा.

जयराज — दर वेळंला तूच भरतीस की.

क्रांती — दर वेळी सुचायचं. आज सुचेना. सकाळपासून सतरा जणांनी द्राक्षाच्या पानांचे फोटो पाठवलेत. ह्याच्यावर दावण्या आहे का, त्याच्यावर करपा आहे का, हे रोग ओळखून सांगता सांगता दोन वाजले. माझं काय दुखतंय ते बघायचं राहून गेलं.

जयराज — येवढं काय त्यात? दोन शब्द लिवायचं.

क्रांती — लिहा मग. पेन कानावर आहे तुमच्या.

जयराज — गुडघा लिवतो.

क्रांती — गुडघा गोव्याच्या वेळी झाला.

जयराज — बीपी?

क्रांती — बँकॉक.

जयराज — आन दुबईला काय हुतं गं?

क्रांती — मुतखडा. डाव्या बाजूचा. बाजूसुद्धा लिहिली होती मी, खरं वाटावं म्हणून.

जयराज — मग उजव्या बाजूचा लिवू?

क्रांती — लिहा. कंपनीत कोणीतरी फाईल लावत असेल ना हो माझी? आठ वर्षं कागदावर नुसती अंथरुणावर पडून आहे मी. आणि मी एकटीच नव्हे. तासगावात ज्या ज्या दुकानाचं लायसन बाईच्या नावावर आहे, ती ती बाई सहल निघाली की आजारी. त्यांना वाटत असेल, काय हवा आहे ह्या गावाची.

जयराज — आता टोमणं मारू नगंस. लायसन तुज्या नावावर हाय ते सरकारनं डिग्री मागितली म्हनून. पिकावरची औषधं इकायला शेतीचा पदवीधर पायजे. मी बारावी, आमचं वडील सातवी. घरात बीएस्सी ॲग्री तू एकलीच.

क्रांती — माहीत आहे. चौदा वर्षं माझी डिग्री ट्रंकेत होती, लग्नातल्या साड्यांच्या खाली. सरकारनं मागितली तेव्हा डांबरगोळीच्या वासासकट बाहेर काढली. आता गणपतीशेजारी काचेत आहे. उदबत्ती दोघांना एकच फिरते.

शालूबाई — च्या घ्या रं. थंड झाला तर मी परत गरम करनार न्हाई.

क्रांती — आत्याबाई, तुम्ही कशाला उठलात? मी केला असता.

शालूबाई — तू कवा करनार? मघाधरनं तुमचं दोगांचं माजघरात ऐकू येतंय. ल्योक म्हनतोय गुडघा, सून म्हनती मुतखडा. मला वाटलं दवाखान्यात आले.

जयराज — आई, तूच सांग एक आजार. साधासा. सर्टिफिकीट मी आणतो डॉक्टरकडनं.

शालूबाई — मी न्हाई सांगत. आन तू बी लिवू नगंस.

जयराज — का?

शालूबाई — लिवल्यालं लागतं. मागं तिनं कागदावर गुडघा लिवला, आता बघ जिना चढताना कशी कठडा धरती. मग बीपी लिवलं. सकाळची गोळी कवा सुरू झाली रं? तू बँकॉकवरनं आलास त्येच्या फुडच्या दिवाळीला.

जयराज — आई, ते वयानं होतंय.

शालूबाई — वय मलाबी हाय. मला हाय का बीपी? आन तिसऱ्या खेपंला मुतखडा लिवला तवा मी काय गप बसले न्हाई. तवापास्नं दर मंगळवारी तिला हुलग्याचं माडगं पाजतीया. म्हनून तेवढा व्हायचा ऱ्हायला.

क्रांती — आत्याबाई! तीन वर्षं मला वाटतंय, तुम्हाला माडगं आवडतं.

शालूबाई — मला? मला हुलगं डोळ्यासमुर नगं.

जयराज — बरं, बरं. आजार नगंच मग. दुसरं कारन लिवू. आपल्याकडं खरं कारन हायच की! पासपोर्ट न्हाई. "परवानाधारकाकडे पासपोर्ट उपलब्ध नाही." झालं! आदी कसं सुचलं न्हाई? डॉक्टर नगं, काय नगं.

क्रांती — लिहू नका.

जयराज — का? हे तर खोटं न्हाई.

शालूबाई — खोटं हाय.

जयराज — कसं?

शालूबाई — ज्वारीच्या डब्यात बघ. तळाला. पिलाष्टिकच्या पिशवीत गुंडाळलाय.

जयराज — काय गुंडाळलंय?

शालूबाई — तिचा पासपोरट. तू दुबईला गेलतास तवा काढला. पोलीस आलता घरी चौकशीला. मीच च्या दिला त्येला. म्हनला, आजी, ह्या बाईवर कुटं गुन्हा बिन्हा? मी म्हनलं, बाबा, हिला गुन्हा कराय सवड कुटं हाय.

जयराज — क्रांती?

क्रांती — हं.

जयराज — तीन वर्सं झाली. मला का सांगितलं न्हाईस?

क्रांती — तुम्ही विचारलं नाहीत. आणि आजारी माणसाला पासपोर्ट कोण विचारतं?

जयराज — म्हंजी तुला जायचंय.

क्रांती — मला आता काही कळत नाही, खरं सांगू? तीन वर्षांपूर्वी जायचं होतं. रात्री हातात घेऊन बघायचे पासपोर्ट, फोटोत मी अशी दिसते, जशी कोणाची तरी साहेबीण. आता इतकी दमलेय, की बॅग भरायची म्हटलं तरी पाठ दुखते. म्हणून तर सही केली. तुम्ही जा. फक्त ह्या खेपेला मला आजारी पाडणार नाही मी माझ्या हातानं. ते तुमच्या हातानं होऊ दे.

शालूबाई — हाय तरी काय त्या गावात? काय नाव म्हनलीस?

क्रांती — दा नांग.

जयराज — असंल की समुद्र बिमुद्र. सगळीकडं तेच असतंय, आई. हाटेल, बस, फोटू.

क्रांती — तुम्ही माहितीपत्रक वाचलंत?

जयराज — वाचायचं काय त्यात. कंपनी फिरवतीया.

क्रांती — समुद्र आहे, पण तो पहाटे बघायचा. त्या किनाऱ्याला 'मी खे' म्हणतात. पाच वाजता सगळं गाव पाण्यात असतं. पर्यटक नव्हेत, गावातली माणसं. म्हाताऱ्या बायका पोहून येतात, वाळूत हातपाय हलवतात, आणि मग घरी जाऊन कामाला लागतात.

शालूबाई — पाचला? आन धारा कोन काढतं त्यांच्या?

क्रांती — ते पत्रकात दिलं नाही, आत्याबाई. मग संगमरवराचे डोंगर आहेत. पाच. पाणी, लाकूड, अग्नी, धातू, माती अशी नावं आहेत त्यांना. पोटात गुहा, गुहेत बुद्ध, वरच्या भोकातून उजेड पडतो. पायऱ्या पुष्कळ, पण एका डोंगराला लिफ्ट आहे. माझ्या गुडघ्याची सोय आहे तिथं. शहरात नदीवर ड्रॅगनचा पूल आहे. शनिवारी-रविवारी रात्री नऊ वाजता तो तोंडातून आग काढतो, आणि आग संपली की पाणी.

जयराज — आमच्या फवारनीच्या ब्लोअरसारखं.

क्रांती — तसंच समजा. आणि बा ना म्हणून डोंगर आहे. तारेवरच्या पाळण्यातून वर जायचं. वर एक सोनेरी पूल. दोन मोठ्ठे दगडी हात डोंगरातून बाहेर आलेत आणि त्यांनी तो पूल उचलून धरलाय.

शालूबाई — कुनाचं हात?

क्रांती — कोणाचेच नाहीत. नुसते हात आहेत. धड नाही, डोकं नाही.

शालूबाई — नुसतं हात दिसत्यात, मानूस दिसत न्हाई? मग बाईचंच असनार.

जयराज — आई, तू च्या पी.

शालूबाई — पितीया. फुडं सांग गं.

क्रांती — गावाबाहेर नारळाच्या झाडीत पाणी आहे, तिथं टोपलीच्या होडीतून फिरवतात. गोल. बांबूची. गरागरा फिरवतात म्हणे.

शालूबाई — कायलीतनं! अगं, मी बसलीया तशी. म्हायेरी क्रिष्णंला पूर आलता, तवा गुळाच्या कायलीत आमाला बसवून आणलं. मी, माजी आई आन दोन शेरडं. अशी फिरायची ती कायल! सगळी बोंबलत हुती आन मी हसत हुते. नऊ वर्सांची हुते. बापानं नंतर मारली मला.

क्रांती — हे कधी सांगितलं नाहीत.

शालूबाई — कुनी कायलीचं नाव काढलं तर सांगायचं. खायाला काय मिळतं तितं? सरावन हाय म्हनलं.

क्रांती — बान्ह सेओ म्हणून एक असतं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर पातळ टाकायचं. आपलं धिरडंच. आत कोळंबी भरतात, पण कोळंबी नको म्हणायचं आणि मोडाची मटकी द्या म्हणायचं. म्हणजे त्यांचे मुगाचे मोड. मग त्याचा तुकडा हिरव्या पाल्यात गुंडाळून चटणीत बुडवायचा. आणि 'मी क्वांग' म्हणून एक. पिवळ्या शेवया, रस्सा अगदी थोडा, आणि वरून भाजलेले शेंगदाणे.

शालूबाई — शेंगदानं घालत्यात? मग मानसं चांगली असत्याल.

क्रांती — नारळाची कॉफी, बर्फाची. जवळ होई आन म्हणून जुनं गाव आहे, तिथं संध्याकाळी रस्ताभर आकाशकंदील लागतात, दिवाळी नसताना. आणि संग्रहालयात आपला महादेव आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी चाम राजे होते तिथले, त्यांनी घडवलेला. गणपतीपण. आणि समुद्राकडं तोंड करून एक पांढरी देवी उभी आहे, वीस-बावीस मजल्यांची. पाठ डोंगराकडं. कोळी लोक समुद्रावर जातात ना, त्यांच्यावर लक्ष ठेवते. दिवसभर उभीच.

शालूबाई — बसत न्हाई?

क्रांती — नाही बसत.

जयराज — तू एवढं सगळं कवा वाचलंस?

क्रांती — पत्रक येऊन महिना झाला. गिऱ्हाईक नसलं की वाचते. पाठ कधी झालं कळलं नाही. आपली पोर शिवांजली शिरवळहून व्हिडिओ पाठवते, ते भाकरी करताना बघते. बँकॉकला काय काय बघितलं होतंत तुम्ही? मला कधी सांगितलं नाहीत. मी पण विचारलं नाही, म्हटलं जाऊ दे.

जयराज — बँकॉकला?

क्रांती — हं.

जयराज — हाटेलचं छत.

शालूबाई — काय म्हनलास?

जयराज — छत, आई. पांढरं. मधी एक गोल दिवा. चार दिवस तेच बघितलं. बाकीचं दुकानदार बसनं भाईर जायाचं. मी म्हनायचो पोट बिघडलंय. दशम्या आन खर्डा नेलता, तो खायाचा आन झोपायचं. दुबईला तर ती उंच बिल्डिंग हाय न्हवं, ती खिडकीतनं दिसत हुती म्हनं. मी पडदा लावून घेतलता. उजेड येत हुता.

क्रांती — तुम्ही तिकडं झोपायला जाता?

जयराज — मग कुटं झोपू? हितं पाचला फोन चालू. दादा, फवारनी केली आन पाऊस आला, आता काय करू. दादा, शटर उघडा. जेवताना शटर वाजवत्यात. आजारी पडलो तरी खिडकीतनं पान दाखवत्यात. तितं फोन लागत न्हाई, ही एकच गोष्ट मला आवडती. तुला वाटत असंल मी मजा मारून येतो. मी आलो की म्हनून तर जाड दिसतो. झोपेनं सुजलेला असतो.

क्रांती — मला वाटायचं, चांगलं खाऊन आलात.

जयराज — खर्डा खाऊन कोन जाड होतं गं?

(पंखा फिरतो. शालूबाई बशीतला चहा ओठापर्यंत नेते आणि परत ठेवते.)

शालूबाई — दोगंबी दमलायसा. आन जागा एकच.

क्रांती — म्हणून म्हणते, हेच जाऊ देत. झोपतील तरी.

जयराज — आन तू गेलीस तर काय करशील? चाळीस गडी, सगळं दुकानदार. त्यात तू एकली बाई.

क्रांती — एकटी नाही. कवठ्याच्या दुकानाची प्रांजल जाते आहे. लायसन तिचं, सहल तिची, तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं घरी. मला म्हणाली, वहिनी, आलात तर खोली आपण दोघी घेऊ. मी म्हटलं, बघते, आजार कुठला ठरतोय.

जयराज — जाऊन करशील काय पन?

क्रांती — पहिल्या दिवशी काहीच नाही. खोलीत बसून दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा पिईन. मग पहाटे त्या समुद्रावर जाईन. पोहायला येत नाही मला, पण त्या म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी वाळूत नुसती उभी राहीन. कोणी पान दाखवायला आलं तर म्हणेन, मला मराठी येत नाही.

शालूबाई — आन त्या कायलीत बसशील?

क्रांती — बसेन, आत्याबाई.

शालूबाई — हसायचं तितं. कोन मारत न्हाई आता.

जयराज — आन हितं मग दुकान?

क्रांती — त्याचं काय?

जयराज — काय म्हंजी? पान बघून औषध कोन सांगनार? मी दिलं तर भुरीचं औषध दावण्याला जाईल. बिराप्पाच्या बागंत गेलतं एकदा, तू वाईला म्हायेरी गेलतीस तवा. त्यो अजून माझ्याकडनं फवारनीचं ऐकत न्हाई.

क्रांती — देऊच नका मग. लायसनवाला माणूस नसताना विकायचं नाही, परवान्यावरच लिहिलंय. गणपतीशेजारी, काचेत, डिग्रीच्या खाली.

जयराज — ते सगळीकडं असतंय लिवलेलं.

क्रांती — हो. पण पाळायला काय हरकत आहे? एकदा? पाच दिवस.

जयराज — म्हंजी... शटर खाली.

क्रांती — खाली.

जयराज — पाचच्या पाच दिवस.

क्रांती — कुलूपसुद्धा लावा.

जयराज — आन फोन?

शालूबाई — फोन माज्याजवळ दे. ज्वारीच्या डब्याचा तळ आता मोकळाच हुनार हाय.

जयराज — लोक दारात येत्याल, आई.

शालूबाई — येऊ द्यात. दारात मी बसते. म्हनते, सायबीन भाईरदेशी गेली, आन कायद्यानं दुकान बंद हाय. कायदा म्हनलं की मानसं जरा थांबत्यात.

जयराज — खरं सांगू का क्रांती, मला ह्येच्यात लाज वाटतीया.

क्रांती — कशाची?

जयराज — आठ वर्सं तुला आजारी पाडून मी छत बघत हुतो. छत तर हितं बी हाय.

क्रांती — इथल्या छताला कोळिष्टकं आहेत. जाण्याआधी काढून ठेवते.

जयराज — काडू नगंस. काय काडू नगंस. तू बॅग भर. थांब, फोन लावू दे... हॅलो, सूरजसाहेब? व्हय, मी जयराज, सूर्यवंशी कृषी सेवा केंद्र. न्हाई, न्हाई, त्यो नावबदलीचा कागद नगं. हाय तेच नाव ऱ्हाऊ द्या. क्रांती सूर्यवंशी. व्हय, मॅडमच येत्यात... न्हाई ओ. मुतखडा न्हाई. आता कायच न्हाई त्यास्नी... बरी हाय. म्हंजी दमलीया, पन बरी हाय. पासपोर्ट? हाय की. जरा ज्वारी झटकून पाठवतो.

शालूबाई — काय म्हनला?

जयराज — म्हनला, मॅडम आहेत होय? आमाला वाटलं त्या हयात हायत का न्हाईत.

क्रांती — चहा गार झाला सगळा.

शालूबाई — म्या सांगितलं हुतं, परत गरम करनार न्हाई. ते जाऊ दे, तू आता काय लिवतुयास रं त्या पुठ्ठ्यावर?

जयराज — शटरला लावायची पाटी, आई. आत्ताच लिवून ठेवतो, न्हाईतर माझं मन बदलंल. खोक्याचाच पुठ्ठा घेतलाय.

शालूबाई — मला वाचाय येत न्हाई, वाचून दाव.

जयराज — "मालकीणबाई परगावी गेल्यामुळे दुकान पाच दिवस बंद राहील."

शालूबाई — एवढंच? आन तू कुटं हाईस ते?

जयराज — ते लिवलं न्हाई. मी झोपल्यालो असनार हाय.